चार सुताची जाळी

आमच्या दुकानात वर्षभर जे बनतं ते बाहेरच्याला रोखण्यासाठी बनतं. खिडकीचं ग्रिल चोरासाठी, गच्चीवरची जाळी माकडांसाठी, गोठ्याचं दार बिबट्यासाठी. गोंडपिपरीच्या अंगाला कन्हाळगावचं जंगल आहे, आणि आष्टीच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली की थोड्याच अंतरावर चपराळ्याचं अभयारण्य लागतं. अशा ठिकाणी गिऱ्हाईक आलं की त्याचा प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, मजबूत होईन ना जी?" मजबूत म्हणजे बाहेरून. आतल्या बाजूला वेल्डिंगचे छर्रे राहिले, रंग नीट लागला नाही, तर कोणी बोट लावून पाहत नाही.

म्हणून शाळेतल्या एका मॅडमनी पोपटाचा पिंजरा सांगितला तेव्हा मी आधी प्रश्न विचारला, मग वही उघडली. "पोपट कोणता?"

आमच्या भागात हे विचारावंच लागतं. थंडी सरता सरता पोपटांची वीण सुरू होते, आणि होळीच्या आगेमागे कोणी ना कोणी कापडी पिशवीत पिल्लू घेऊन दुकानाशी उभं राहतं. झाडाच्या ढोलीतून काढलेलं, अंगावर धड पिसं नसलेलं. "एक छोटासा पिंजरा करून द्या." लाल चोचीचा आपला हिरवा मिठ्ठू पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्या कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि मिठ्ठू दुसऱ्या अनुसूचीत गेला. पहाडी पोपट आणि लाल डोक्याचा पोपट यांनाही हाच कायदा लागू आहे. "आमच्या आज्यापासून घरात मिठ्ठू आहे, कोण विचारते?" असं म्हणणारे भेटतात. विचारत नाहीत हे खरं, पण ज्या दिवशी विचारतात त्या दिवशी पिंजरा कोणी केला हेही विचारतात. मी ते काम घेत नाही.

मॅडमचा पक्षी वेगळा होता. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. अंग हिरवं, गालही हिरवा, डोकं काळपट-तपकिरी, छातीवर खवल्यांसारखी फिकट नक्षी आणि शेपटी गर्द तांबडी. ग्रीन-चीक कोन्यूर. याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हिया, ब्राझीलचा पश्चिमेकडचा भाग आणि अर्जेंटिनाचा उत्तर भाग. आपल्याकडे विकला जातो तो पिंजऱ्यातच पैदास झालेला. शेपटीसकट लांबी साधारण २६ सेंटीमीटर, वजन ६० ते ८० ग्रॅम. नीट सांभाळला तर वीस वर्षं सहज जगतो, त्याहून जास्तही. मॅडमच्या पोरीला आधी पिवळाधमक सन कोन्यूर हवा होता, पण त्याचा आवाज कर्कश, आणि यांचं घर भाड्याचं, भिंतीला भिंत लागलेली. शिवाय गयाना आणि उत्तर ब्राझीलमधल्या त्याच्या मूळ रानात पिंजऱ्यांच्या व्यापारापायीच तो इतका कमी झालाय, की आज त्याची गणना धोक्यात आलेल्या पक्ष्यांत होते. मॅडमच्या घरच्या सरांनी हे वाचून ठेवलेलं होतं. असं गिऱ्हाईक आलं की काम करायला हुरूप येतो.

कागदही त्यांनी आधीच पाहून ठेवले होते. परदेशी म्हणजे मोकळीक, असा एक समज आहे, तो चुकीचा. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा जो साइट्स नावाचा करार आहे, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात जवळजवळ सगळे पोपट येतात. बजरीगर, कॉकाटील असे मोजकेच सुटले आहेत. कोन्यूर सुटलेला नाही. २८ फेब्रुवारी २०२४ ला केंद्र सरकारने नियम काढले, त्यांनुसार असा पक्षी ताब्यात आल्यावर ३० दिवसांत ‘परिवेश’ या पोर्टलवर नोंदवावा लागतो. पुढे तो दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. पक्षी तेव्हा नागपूरलाच होता. विकणाऱ्याची पावती आणि पायातल्या कडीचा नंबर मात्र मॅडमकडे येऊन पोचला होता. पिंजरा आधी आणि पक्षी नंतर, हा क्रम त्यांनी धरला म्हणून पुढचं सगळं निवांतपणे जमलं.

मॅडमच्या मनात पिंजरा होता तो गोल, वर घुमट, सोनेरी रंगाचा. सिनेमात हवेलीच्या व्हरांड्यात टांगलेला असतो तसा. मी सरळ नाही म्हणालो. घुमटात सगळ्या तारा वर जाऊन एका ठिकाणी मिळतात, म्हणजे फट अरुंद होत होत जाते. कोन्यूर चोच आणि पाय लावून उलटा लटकत जाळीवर चढणारा पक्षी. वर पोचला की बोट, नाहीतर चोच त्या निमुळत्या फटीत अडकायची. दुसरं म्हणजे गोल पिंजऱ्याला कोपरा नाही. घाबरलेल्या जीवाला पाठ टेकायला कोपरा लागतो.

मग मापावर आलो. कोन्यूर पाळणारे लोक दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि अडीच फूट उंच हे किमान माप धरतात. किमान म्हणजे त्याच्याखाली जाऊ नये ते. मी रुंदी तीन फुटांवर नेली, खोली दोन फूट ठेवली, उंची तीन फूट. गिऱ्हाईक नेहमी उंची वाढवायला सांगतं, कारण उंच पिंजरा खोलीत रुबाबदार दिसतो. पण पक्षी हेलिकॉप्टर नाही, तो आडवा उडतो. पिंजऱ्यात तो जे काही पंख मारेल ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. म्हणून पैसे टाकायचे ते रुंदीत.

जाळीची फट किती ठेवायची हे आमच्या धंद्याच्या भाषेत सुतात सांगतो. एका इंचाचे आठ सूत. या आकाराच्या पक्ष्याला चार ते सहा सूत फट चालते. त्याहून मोठी झाली तर डोकं बाहेर जातं आणि परत येत नाही. मी चार सूत धरली. कोंबड्यांच्या खुराड्याला आम्ही एक इंची जाळी मारतो, तीच इथे मारली असती तर पहिल्याच आठवड्यात रडारड झाली असती.

या कामातला खरा डोक्याचा भाग धातूचा होता. वेल्डमेश मागितली की आमच्याकडे कुठल्याही हार्डवेअरमधून जस्ताचा मुलामा दिलेलीच जाळी मिळते. स्वस्त असते, गंजत नाही, चकचकीत दिसते. कोंबड्या, ससे, बदकं, सगळ्यांची खुराडी तिचीच. पण कोंबडी तार चघळत बसत नाही. कोन्यूर दुसरं काही करतच नाही. चोच हाच त्याचा तिसरा पाय आणि चोच हेच त्याचं हत्यार. मुलाम्याचे बारीक कण, वेल्डजवळ साठलेले जस्ताचे थेंब तो खरवडून गिळतो. पक्ष्याच्या पोटात दाणे दळायची मांसल पिशवी असते, तिच्यात हे कण अडकून बसतात आणि आम्लात विरघळून रक्तात जातात. पक्षी मलूल होतो, ओकतो, विष्ठा पातळ होते, झटके येतात, मरतो. पिंजऱ्याच्या नव्या तारेने हे होतं हे पक्षी पाळणाऱ्यांना जगभर फार वर्षांपासून माहीत आहे. जाळी व्हिनेगरने घासून धुतली की धोका कमी होतो, जात नाही.

हे मला कोणी पटवून द्यावं लागलं नाही, कारण जस्त माझ्या अंगातून गेलेलं आहे. ज्याने बंद शेडमध्ये जीआय पाइप वेल्ड केलाय त्या प्रत्येकाला तो ताप माहीत असतो. मुलामा जळताना पांढरा धूर निघतो, तोंडाला गोडसर धातूची चव येते, आणि काम आटोपून घरी गेलं की रात्री हुडहुडी भरते. अंग ठणकतं, घाम फुटतो, सकाळी पुन्हा ठीक. आमच्या भागात थंडी वाजून ताप आला की आधी हिवतापाची शंका येते, रक्त तपासायला जावं लागतं. जुने मिस्त्री म्हणायचे, दूध पी. दुधाने त्यावर काही होत नाही, मुलामा आधी ग्राइंडरने उडवणे आणि मोकळ्या हवेत काम करणे हाच उपाय. सांगायचा मुद्दा असा, की साठ-सत्तर किलोच्या माणसाला जे एका रात्रीत आडवं करतं ते सत्तर ग्रॅमच्या जीवाला रोज थोडं थोडं खाऊ घालायचं नाही.

मग साधं लोखंड घेऊन रंग मारावा का? आमच्या दुकानात ग्रिलवर पहिला हात रेड ऑक्साइडचा. डबा उचलून वाचा, बहुतेक डब्यांवर ‘रेड ऑक्साइड झिंक क्रोमेट’ लिहिलेलं असतं. म्हणजे जस्त पुन्हा आलंच, वर क्रोमियम. रंगातल्या शिशाचंही तसंच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण औद्योगिक रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि ग्रिलच्या कामाला कोणता डबा उघडला जातो ते मी जाणतो. पावडर कोटिंग त्यातल्या त्यात बरं, परदेशातले बरेच पिंजरे त्याचेच असतात. पण कोपऱ्यावरचा टवका उडाला की कोन्यूर तिथेच बसून बाकीचा सोलून काढतो. बांबू तर विषयच नको. आमच्या जिल्ह्यात बुरड बांधवांच्या हातचं डालगं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, पण हा पक्षी त्याचा भुसा करील. बांबू त्याला आत द्यायचा, खेळायला आणि कुरतडायला.

राहिलं स्टेनलेस स्टील, ३०४. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बाजारात यावर बरीच फसवाफसवी चालते. चुंबक लावून पाहायचं, चिकटलं नाही की ३०४, असं दुकानदार दाखवतात. २०२ या हलक्या प्रतीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी करून मॅंगनीज घातलेलं असतं, ते लवकर गंज धरतं. चुंबकाने एवढंच कळतं की साधं लोखंड नाही. बाकी बिलावर ग्रेड लिहून घ्यायचा. बिल देताना ज्याचा हात थबकतो त्याच्याकडून घ्यायचं नाही.

चार सुताची ३०४ ची जाळी गोंडपिपरीत मिळत नाही, चंद्रपुरातही सांगून ठेवावी लागते. ती नागपूरच्या इतवारीतून मागवली, गुंडाळी ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आली. आमच्या रस्त्यावरून सूरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक धूळ उडवत जातात आणि एवढ्याशा जाळीसाठी मी नागपूरला फोन करतो. असो.

पिंजऱ्याचा सांगाडा सहा सुती चौकोनी पाइपचा. कापणं, जुळवणं, घासणं माझ्याकडे झालं. जोड मात्र आर्गॉन वेल्डिंगने घ्यायचे होते, आणि तो सेट माझ्याकडे नाही. साध्या आर्कवर स्टीलचा रॉड चालतो, पण दोन मिलिमीटरच्या तारेला आर्क लावला की तार वितळून गोळा होते, वर छर्रे उडतात. एकेक छर्रा म्हणजे चोचीला मिळालेलं खेळणं. म्हणून सांगाडा आणि जाळी घेऊन बल्लारपूरला गेलो. जिन्याचे रेलिंग करणारा तिथला एक ओळखीचा मिस्त्री आहे. त्याने पहिल्यांदा जाळीची कापलेली टोकं बाहेरच्या अंगाला ठेवून टाके मारले. मी म्हटलं, टोकं ना बाहेर, ना आत. बाहेर राहिली तर पोरीचा हात कापणार, आत राहिली तर पक्ष्याचा पाय. शेवटी चारी कडांवर पट्टी बसवून टोकं तिच्याखाली दाबली. मिस्त्री हसत होता. "इतकी फिनिशिंग तर मंत्र्याच्या बंगल्याला नाही केली जी." वेल्डवर निळसर डाग येतात, ते काढायला आम्ही जी पेस्ट लावतो तिच्यात जहाल आम्लं असतात. हातमोजे घालून ती लावली, आणि नंतर पिंजरा पाण्याच्या धारेखाली इतका धुतला की शेजारच्या पानठेल्यावाल्याने टाकी रिकामी केली म्हणून ओरड केली.

पैशांच्या बाबतीत मात्र गंमत झाली. ग्रिलचा हिशोब किलोवर असतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. सरांनी पिंजरा उचलून पाहिला आणि म्हणाले, "हलका आहे की." म्हणजे स्वस्त पडेल. मी त्यांना समजावलं, की इथे वजनाला काही अर्थ नाही, घासकामाला आहे. पिंजरा एका लोखंडी कपाटापेक्षा महाग पडला. त्यांनी थोडी घासाघीस केली, मी थोडं सोडलं. बिजागऱ्या, स्क्रू, कड्या यांवर मात्र सोडलं नाही. बाजारात मिळणाऱ्या या बहुतेक बारीक वस्तूंवर जस्ताचाच मुलामा असतो. जाळी ३०४ ची घेऊन कडी दहा रुपयांची लावायची, याला काय अर्थ आहे?

दाराबद्दल एक सांगायला हवं. वर सरकवून उघडायचं दार स्वस्त पिंजऱ्यांना सर्रास असतं. पक्षी चोचीने ते उचलतो, मान बाहेर काढतो आणि दार मानेवर येतं. म्हणून मोठं दार बाजूने उघडणारं केलं, हातावर पक्षी बसलेला असताना हात कोपरापर्यंत आत जाईल एवढं. खाण्या-पाण्याच्या वाट्यांना वेगळ्या छोट्या खिडक्या. वाट्या साध्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या, कड्यात बसणाऱ्या. तळाला जाळी, तिच्याखाली बाहेर ओढता येणारा ट्रे, ट्रेमध्ये वर्तमानपत्र. रोज कागद बदलताना विष्ठा पाहायची. हिरवट भाग, पांढरा भाग आणि पाणी हे तिन्ही नेहमीसारखे आहेत का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. लाकडाचा भुसा टाकला की हे दिसत नाही.

आणि खाली चार चाकं, ब्रेकवाली. ही मी माझ्या मनाने लावली. मॅडमना आधी ती खर्चाची वाटली. पण आमच्या गावात वर्षभर पिंजरा एका जागी राहूच शकत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांना टेकतो. तेव्हा पश्चिमेच्या भिंतीपासून पिंजरा हलवावा लागतो, आणि कुलरच्या थेट झोतातही ठेवता येत नाही. पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागला, पंख अंगापासून सोडून बसला, की उशीर व्हायला लागलाय असं समजायचं. पावसाळा आला की हिवताप विभागाची माणसं घरात फवारणी करायला येतात. ती हवीच, पण त्या दिवशी पिंजरा दुसऱ्या घरात गेला पाहिजे. रोजच्या डासांच्या कॉइलचा धूर, देवघरातली धूप-अगरबत्ती, फोडणीचा खाट, यांपासूनही लांब. नॉनस्टिकचा तवा गॅसवर विसरून तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो, माणसाला तोवर वासही आलेला नसतो. पक्ष्यांची फुप्फुसं हवा इतकी पुरेपूर शोषतात की ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत. खाणींच्या जिल्ह्यात हे सांगायला फार खटपट पडत नाही. सरांचे वडील वेकोलिच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, त्यांनी ऐकताच मान हलवली आणि स्वतः कॉइलचा डबा उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

आतली मांडणी लोकांना सजावट वाटते. बाजारच्या पिंजऱ्यात दोन गुळगुळीत, एकाच जाडीच्या काड्या येतात. पक्षी झोपेतसुद्धा पायावरच उभा असतो, त्याला जन्मभर एकाच जाडीची मूठ धरायला लावली तर तळपायाला फोड येतात. मी त्यांना पेरूच्या आणि कडुनिंबाच्या फांद्या आणायला सांगितल्या, वाकड्यातिकड्या, कुठे अर्धा इंच तर कुठे पाऊण-एक इंच जाड, आणि औषधाची फवारणी न झालेल्या झाडाच्या. कापसाच्या बांधावरचं झाड चालणार नाही हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागतं. कण्हेर, रुई, घाणेरी वर्ज्य. रानातून सागाची फांदी आणतो म्हणून एकजण पुढे आला होता, त्याला म्हटलं, पोपटाचे कागद नीट आहेत, आता लाकडाची केस कशाला करून घेता? फांद्या धुऊन, कडक उन्हात वाळवून बसवल्या. एकही फांदी वाटीच्या बरोबर वर येऊ दिली नाही, नाहीतर पाण्यात घाण पडते. सगळ्यात उंच फांदी झोपण्याची, भिंतीपासून इतकी लांब की शेपटी जाळीला घासणार नाही.

पोरीने घुंगरू आणले होते. पोपटाच्या पिंजऱ्याला घुंगरू हवेत, हे आपल्याकडे ठरूनच गेलेलं आहे. पण घुंगराच्या चिरेत पक्ष्याचं नख अडकतं, चोचीचं टोक अडकतं. तिचा चेहरा पडला. त्याऐवजी स्टीलची लोलकवाली छोटी घंटी बसवली, आवाज तिचा जास्तच येतो. सुती दोरी, बांबूची कांडकी, जुन्या वहीच्या पानांच्या गुंडाळ्या ही बाकीची खेळणी. दोरीचे धागे सुटायला लागले की ती काढून टाकायची.

पक्षी आला तो छोट्या प्रवासी पिंजऱ्यातून. त्याला लगेच मोठ्यात लोटू नका, एवढं मी सांगून ठेवलं होतं. छोटा पिंजरा मोठ्याच्या दाराशी लावून ठेवला, दोन्ही दारं उघडी, नेहमीचा खाऊ मोठ्या पिंजऱ्यात. पहिले काही दिवस तो एकाच फांदीवर बसून खोलीकडे बघत राहिला, कमी खाल्लं. मॅडमचे फोनवर फोन. मग एका दुपारी घंटी वाजायला लागली ती थांबेना. शेजारपाजारचे बघायला यायचे आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "बोलते का जी हा?" ग्रीन-चीक फारसा बोलत नाही, दोन-चार शब्द उचलले तर उचलले. हे ऐकून बघ्यांचा अर्धा उत्साह तिथेच ओसरायचा. बरंच झालं, गर्दी कमी झाली.

थोड्याच दिवसांत वाटीच्या खिडकीची कडी त्याने आतून उघडली. मी स्वतः पाहायला गेलो. चोचीने कडी वर ढकलायची, पायाने जाळी धरून ठेवायची, पुन्हा ढकलायची. माझ्या कामाची इतकी बारीक तपासणी आजवर कोणत्याही इंजिनिअरने केली नव्हती. तिथे स्टीलचे स्प्रिंगचे हूक लावले. खोलीत मोकळा सोडायचा असेल तेव्हा आधी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, मग दार उघडायचं, हा नियम पोरीने वहीच्या कागदावर लिहून पंख्याच्या बटणाजवळ चिकटवलाय.

हे सगळं इतकं ताणून का करायचं, असं मला दुकानात विचारतात. त्याचं कारण आमच्या गावाच्या नकाशात आहे. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-बैलांचा, शेळ्या-कोंबड्यांचा. तिथले डॉक्टर कामाने पिचलेले असतात, आणि कोन्यूरच्या रक्तातलं जस्त मोजायची सोय त्यांच्याकडे कुठून असणार? पक्ष्यांचं जाणणारा डॉक्टर गाठायचा म्हणजे नागपूर, जवळजवळ दोनशे किलोमीटर. आजारी पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो, आणि दिसायला लागला की त्याच्या हाती तास उरलेले असतात, दिवस नाहीत. पुण्या-मुंबईत पिंजऱ्यात उणीव राहिली तर दवाखाना सावरून घेईल कदाचित. इथे पिंजऱ्यातच सगळं बरोबर असावं लागतं.

तो पिंजरा पाहून आणखी लोक आले. बहुतेकांना तेवढाच मोठा, पण साध्या जाळीचा, निम्म्या पैशांत हवा असतो. त्यांना मी सांगतो की पैसे कमी असतील तर एक महिना थांबा, पक्षी पळून जात नाही, तो अजून विकत घ्यायचाय. काही थांबतात, काही दुसऱ्या दुकानात जातात. तार चघळणाऱ्या कुठल्याही पक्ष्यासाठी मी जस्ताची जाळी लावत नाही, हे आता आमच्या लाइनीत माहीत झालंय.

तुम्हाला पिंजरा हवा असेल तर पक्षी आणायच्या आधी या. येताना पावती, कडीचा नंबर आणि ज्या भिंतीशी पिंजरा ठेवणार तिचं माप घेऊन या. आणि पिशवीत ढोलीतून काढलेलं मिठ्ठूचं पिल्लू असेल तर माझ्या दुकानाची पायरी चढू नका. वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’चा क्रमांक १९२६ आहे, तो लावा.